शामण्णांची मूठ

बेंगळुरातल्या आमच्या चिकपेटेत 'नाही' असं सरळ कुणी म्हणत नाही. माल नसला तर 'उद्या येतोय' म्हणतात. द्यायचा नसला तर 'मालक जेवायला गेलेत' म्हणतात, आणि मालकच समोर बसलेला असला तर तो छताकडं बघत 'स्वल्प अवघड आहे अम्मा' म्हणतो. गिऱ्हाईक दुखावलं तर शेजारच्या दुकानात शिरतं, म्हणून ही सगळी कसरत. एवढ्या मोठ्या बाजारात तोंड भरून 'नाही' म्हणणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे शामण्णा. आमच्या बटणांच्या दुकानाला लागून त्यांचं साड्यांचं ठोक दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर घर.

बुटका, सावळा माणूस. धोतर, तपकिरी कोट आणि खांद्यावर उपरणं. एप्रिलातसुद्धा कोट काढायचे नाहीत. चार पिढ्या बेंगळुरात काढलेलं मराठी घर, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच खिचडी. सकाळी कुलूप काढता काढता मला हाक यायची, "काय गं सुमे, तिंडी झाली का?" नाश्ता झालेला नसला तर तिथल्या तिथं दोन इडल्या मागवायचे आणि मी खाऊन संपवेपर्यंत शटर वर करायचे नाहीत.

वडील गेल्यावर बटणांचं दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा 'बाईमाणूस, किती दिवस टिकणार' म्हणून सगळ्या बाजारानं माना हलवल्या. शामण्णांनी मान हलवली नाही. गड्याकडून माझ्या दुकानापुढची जागा झाडून घेतली आणि म्हणाले, "दुकान देतेस का म्हणून कुणी विचारायला आलं तर नाही म्हण. कारण सांगू नकोस. कारण सांगितलं की माणूस भाव करायला लागतो." मी आजही त्याच दुकानात बसते. कारण अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता रेडिओंचं सांगते. शामण्णांच्या माळ्यावर अकरा रेडिओ होते. सगळे जुने, व्हॉल्व्हचे, लाकडी पेटीतले, समोर काचेची डायल आणि तिच्यावर जगभरच्या गावांची नावं. बसवनगुडीत, मल्लेश्वरात कुणी जुनं घर मोडायला काढलं की शामण्णांच्या कानावर यायचं. मग ते दुकान गड्याच्या हवाली करून निघायचे. रेडिओ आणायची त्यांची एक रीत होती. रिक्षात पायाशी ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा. त्याआधी त्याला रजईत गुंडाळून, वरून तरट घालून, दाभणानं शिवून साड्यांचा गठ्ठा बांधतात तसा बांधायचा. दाभण कायम कोटाच्या आतल्या खिशात. आणि एक नियम होता. एकदा रेडिओ उंबऱ्याच्या आत आला की पुन्हा बाहेर जायचा नाही. दुरुस्तीलासुद्धा नाही, कारागिरानं घरी यायचं.

लावला की लगेच वाजत नाहीत हे रेडिओ. आधी आतल्या काचा तापाव्या लागतात. त्यांचा मुलगा मोहन कुरकुरायचा, की तेवढ्यात टीव्हीवर निम्म्या बातम्या संपतात. शामण्णा म्हणायचे, "बोलायच्या आधी जरा थांबतो. तुम्हालाही जमेल तेव्हा सांगा." मोहन वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. दुकानात संगणक त्यानंच आणला, धंदा त्यानंच वाढवला. फक्त वर बघितलं की त्याला माळा दिसायचा आणि शामण्णांना रेडिओ दिसायचे.

जुन्या दलालांत सौद्याची एक पद्धत होती. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि भाव तुटला तरी चारचौघांत कुणाचं नाक कापलं जात नाही. आत मूठ मिटली तर त्याचा अर्थ एकच, माल विकायचा नाही. मूठ मिळाली की समोरच्यानं पुन्हा विचारायचं नाही, हा बाजाराचा धर्म. मी दुकानात बसायला लागले तोवर ही पद्धत जवळजवळ मेली होती, शामण्णांच्या उपरण्याखाली तेवढी उरली होती. एकदा मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी त्यांचा माळा बघायला आला. चहा झाला, गोड गोड बोलणं झालं. शामण्णांनी त्याचा हात उपरण्याखाली घेतला. व्यापारी खुशीत येऊन पुढं सरकला, आणि पुढच्या क्षणी त्याचं तोंड असं काही झालं की मी बटणांच्या डब्यामागं जाऊन हसले.

अकरातला सगळ्यात जुना रेडिओ शामण्णांच्या वडिलांचा, अप्पांचा. मागच्या पुठ्ठ्यावर हॉलंडचा शिक्का. संध्याकाळी दुकान आवरलं की अप्पा त्याचा कान पिळून पिळून मुंबई केंद्र पकडायचे. खरखर बारा आणे आणि मराठी चार आणे, पण त्या चार आण्यांसाठी गल्लीतली सगळी मराठी घरं पायरीवर येऊन बसायची. "आईनं मराठी बोलायला शिकवलं," शामण्णा सांगायचे, "पण अजून कुणीतरी मराठी बोलतं, हे ह्यानं सांगितलं." तो रेडिओ मुका होऊन कैक वर्षं झाली होती. एस. पी. रोडच्या कारागिरानं हात टेकले होते. आतला ट्रान्सफॉर्मर जळलेला, व्हॉल्व्ह गेलेले, आणि तसे आता इथं मिळत नाहीत. शामण्णांनी मनाशी धरलं होतं की अप्पांचा रेडिओ बोलता करायचा. त्याचा जुळा भाऊ मिळाला तर त्याच्या आतलं सगळं ह्याच्यात घालता येईल. आणि जुळा भाऊ असला तर हॉलंडातच असणार.

नेमकी त्यांची मुलगी रेखा तिकडं राहायला गेली होती. नव्वदीच्या मध्यावर जावयाला तिथं संगणकाची नोकरी लागली, नातू झाला, आणि तिनं वडिलांना तिकीट धाडलं. शामण्णांनी नातवासाठी झबली घेतली आणि स्वतःसाठी दाभण आणि सुतळीचा गुंडा. मी म्हटलं, शामण्णा, परदेशात तुम्ही नातू बघायला चाललात की रेडिओ? म्हणाले, "नातू तिथंच आहे. रेडिओ शोधावा लागेल."

तिथली हकिकत मला त्यांच्याकडून कळली आणि पुढं रेखाकडून, आणि दोघांची पुरती जुळत नाही. महिनाभर जुन्या बाजारांत पायपीट केली, काही लागलं नाही. मग तिथल्या राणीच्या वाढदिवसाचा दिवस आला. त्या दिवशी म्हणे अख्खं गाव केशरी कपडे घालून घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून बसतं. डॉक्टर, मास्तर, म्हाताऱ्या, सगळे फूटपाथवर. शामण्णा म्हणाले, एवढ्या दूर जाऊन बघतो तर काय, चिकपेटच. आणि तिथं एका म्हातारीपुढं, कपबशा आणि बाहुल्यांच्या मधोमध, अप्पांचा रेडिओ.

रेखा बाळाला घेऊन मागं राहिली होती. शामण्णांना त्या बाईची भाषा येत नव्हती, बाईला ह्यांची नव्हती. पण धंद्याची भाषा सगळीकडं एकच असणार, असं ह्यांनी धरलं. खाली बसले, नमस्कार केला, बाईचा हात हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. म्हातारी दचकली आणि तिनं मूठ घट्ट मिटली.

झालं. मूठ मिळाल्यावर पुन्हा विचारायचं नाही. शामण्णांनी हात सोडला, पुन्हा नमस्कार केला. पण उठले नाहीत. तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसून राहिले. मला म्हणाले, "खानदानी बाई, सुमे. नाही म्हणाली आणि कारण सांगितलं नाही." रेखा शोधत आली तेव्हा तिचे वडील परक्या म्हातारीच्या शेजारी बसून तिच्या थर्मासातली कॉफी पीत होते आणि दोघंही रस्त्याकडं बघत होती. रेखानं विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, तुझ्या वडिलांना बहुतेक थंडी वाजत होती, माझा हात धरून बघितला त्यांनी. रेडिओ? घेऊन जा की, मला घरी परत न्यायला जड होतो. शामण्णांना ते पटेना. मूठ दिल्यावर माल कसा काय देते ही? रेखानं शपथ घातली तेव्हा कुठं त्यांनी तो उचलला, आणि सोबत आणलेला रेशमी खण म्हातारीच्या मांडीवर ठेवला.

आता तो आणायचा कसा? जावई म्हणाला, जहाजानं पाठवू. शामण्णा नाही म्हणाले. रेखा म्हणाली, विमानाच्या सामानात टाकू. नाही. ह्याच्या पोटात काच आहे, फेकाफेक करणाऱ्याच्या हाती देणार नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून नातवाच्या लोकरी मोज्यांत एक एक घातले आणि कोटाच्या खिशांत भरले. पेटी रेखाच्या पडद्यात शिवली, आणि वर बुटाच्या पॉलिशनं आपल्या दुकानाचा शिक्का काढला. वजन जास्त भरलं तेव्हा बॅग रिकामी करून सगळे कपडे अंगावर चढवले. तीन सदरे, दोन स्वेटर, कोट आणि त्यावर जावयाचा रेनकोट. विमानात गठ्ठा मांडीवर. हवाई सुंदरीनं तो वर ठेवायला सांगितला तर म्हणाले, आधी मला वर ठेवा.

मद्रासच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं शिवण उसवायला सांगितली. शामण्णांनी घामाघूम अवस्थेत खिशातून दाभण काढून त्याच्यापुढं ठेवलं. "उसवा. पण पुन्हा शिवून द्यायचं. टाके सारखे आले पाहिजेत." अधिकाऱ्यानं दाभणाकडं बघितलं, खिशातल्या बाळमोज्यांकडं बघितलं आणि हात जोडले.

त्यांना आणायला मोहन मद्रासला गेला होता. अख्खा रेल्वेप्रवास वडील हॉलंडच्या गोष्टी सांगत होते आणि हा खिडकीबाहेर बघत होता. रिक्षा दुकानापुढं थांबली तेव्हा मी पायरीवर होते. शामण्णा गठ्ठा छातीशी धरून उतरले आणि घराच्या उंबऱ्याशी पोचले, तेव्हा मोहनला तोंड उघडावंच लागलं. माळा माल ठेवायला हवा होता. रेडिओ त्यानं एका सजावटवाल्याला देऊन टाकले होते. अप्पांचासुद्धा. तो तर बोलतच नव्हता, म्हणाला.

मला मोहनच्या थोबाडीत मारावीशी वाटली. शामण्णांनी उचललेला पाय मागं घेतला, वळले आणि माझ्या दुकानात आले. बटणांचे डबे सरकवून गठ्ठा फळीवर ठेवला. "हा इथं राहील. ज्या घरातून रेडिओ बाहेर जातात त्या घरात ह्याला नेणार नाही." मग बाकावर बसले आणि अंगावरचे सदरे एकेक करून काढायला लागले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

सजावटवाल्याकडून कळलं, ते रेडिओ ब्रिगेड रोडच्या एका गल्लीतल्या पबात लागले होते. तेव्हा बेंगळुरात गल्लोगल्ली पब निघत होते. दुपारी आम्ही दोघं तिथं गेलो. पबात जायची माझी पहिली वेळ. अंधार, इंग्रजी गाणी, आणि भिंतीवर ओळीनं शामण्णांचे अकरा रेडिओ. मागचे पुठ्ठे काढून, आतला सगळा जीव उपसून कोपऱ्यातल्या गोणीत भरलेला, आत रंगीत दिवे घातलेले. अप्पांच्या रेडिओत लाल दिवा होता. मालक म्हणजे तिशीतला पोरगा, बोलायला सभ्य. अंकल, ही सजावट आहे, विकायची नाही, म्हणाला. कारणं मात्र भरपूर सांगितली.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला शामण्णा हॉलंडच्या रेडिओत मोज्यांतले व्हॉल्व्ह परत बसवून, तो माझ्या दुकानातून घेऊन पबात हजर झाले. अप्पांच्या रेडिओखालचं टेबल धरलं, मीठ घातलेला सोडा मागवला, टेबलावरच्या दिव्याची पिन काढून आपली खोचली. रेडिओ तापला आणि बेंगळूर केंद्राचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. नाचणीवरचा रोग आणि त्यावरची फवारणी. पोरं बिअरचे ग्लास हातात धरून वळून बघायला लागली. मालक विनवायला आला तर शामण्णा म्हणाले, सोडा संपला नाही अजून.

रोज जायला लागले. पबवाला कंटाळून रेडिओ देईल, असा त्यांचा हिशोब होता. झालं उलटंच. पोरांना ती मजा वाटायला लागली. कोट घातलेला म्हातारा, जुना रेडिओ, नाचणी! मित्रांना घेऊन यायला लागली, टाळ्या वाजवायला लागली. एक दिवस मालकानं सांगितलं, अंकल, तुम्ही रोज या, तुमचं टेबल राखून ठेवतो, सोडा आमच्याकडून. शामण्णा तसेच उठले आणि रेडिओ घेऊन माझ्याकडं आले. एवढा हरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "भांडायला गेलो होतो, सुमे," म्हणाले. "त्यांनी मला भिंतीवर टांगलं. आता माझ्या पोटात दिवा घालायचा तेवढा राहिला."

ते जायचे थांबले. आणि मग तो पबवाला पोरगाच पत्ता काढत चिकपेटेत आला. गिऱ्हाइकं रोज विचारतायत म्हणे, तो रेडिओ कुठं गेला? तो रेडिओ द्या, म्हणाला, काय हवं ते सांगा.

शामण्णांनी त्याला माझ्या दुकानात बाकावर बसवलं. कुठलं बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय, हे नीट समजावून सांगितलं. मग त्याचा हात घेऊन वर उपरणं टाकलं. मागणी मात्र उघड्या तोंडानं सांगितली. अकराच्या अकरा परत, आणि त्यांच्या पोटातलं जे काढून गोणीत भरून ठेवलंय ते सगळं. बदल्यात हॉलंडची पेटी, रिकामी. आतलं मिळणार नाही. पोरगा म्हणाला, आवाजाशिवाय काय करू? उपरणं हललं नाही. मूठ मिळाली, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. त्यानं वरून काही द्यायची तयारी दाखवली. पुन्हा मूठ. शेवटी तो बिचारा हसला आणि सरी, सरी म्हणत कबूल झाला. आत टेप बसवतो, म्हणाला. वरून कुणी काय दिलं घेतलं ते त्या दोन हातांनाच ठाऊक.

ते रेडिओ परत आले तो दिवस चिकपेट विसरणार नाही. पबाच्या दारात शामण्णांनी एकेक शिवून अकरा गठ्ठे केले. हातगाडीवर रचले आणि भर दुपारच्या रहदारीत गाडीच्या पुढं चालत निघाले. चौकात हात वर करून बस थांबवायचे. कंडक्टर शिव्या द्यायचा, हे ढिम्म. दुकानापुढं मोहन उभा होता. कुणी काही सांगायच्या आत त्यानं अप्पांचा गठ्ठा खांद्यावर घेतला आणि उंबरा ओलांडून आत नेला. मग उरलेले दहा. माळा त्यानं आदल्या दिवशीच मोकळा करून ठेवला होता.

हॉलंडच्या पेटीतलं सगळं अप्पांच्या पेटीत बसलं, पेच न् पेच. तापायला वेळ लागला. आम्ही सगळे पायरीवर बसलो होतो. शामण्णांनी कान पिळला, खरखर झाली, पुन्हा पिळला, आणि दूर कुठूनतरी एक बाई मराठीत बातम्या सांगायला लागली. अर्धं कळत नव्हतं. मोहन खाली मान घालून ऐकत होता. शामण्णा म्हणाले, "बघ. बोलतच नव्हता म्हणालास." त्यापेक्षा जास्त ते त्याला कधी बोलले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इस्पितळात, शतक संपत आलं होतं तेव्हा. हृदय दमलं होतं. मोहननं जयनगरला फ्लॅट घेतला होता, वरच्या घराचं गोदाम व्हायचं होतं. फ्लॅटला माळा नव्हता. मोहन पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात सांगत होता, की अण्णा, अप्पांचा ठेवू, आणखी दोन ठेवू, बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. तो आता पहिल्यासारखा राहिला नव्हता, खरंच विचारत होता.

शामण्णांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात चादरीवर चाचपडला, मोहनचा हात सापडला, तो त्यांनी चादरीखाली ओढून घेतला. मोहनचे सगळे सौदे कॅल्क्युलेटरवर व्हायचे. वडिलांच्या हातात हात देऊन असा तो कधी बसला नव्हता.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विकायचे नाहीत म्हणतात," तो म्हणाला. हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. "आणि कारण सांगत नाहीत."

त्यानं आपला हात हळूच काढून घेतला. चादर जिथं उचललेली होती तिथं ती तशीच उचललेली राहिली, आत शामण्णांची मूठ घट्ट मिटलेली होती.